मदत हवी आहे: सी भाषेमध्ये 'ळ' शोधताना स्ट्रचर भलतीच जागा दाखवतंय

नमस्कार मंडळी,

मी परभणीला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आपल्या मराठवाड्यातल्या तालुक्यांची नावं फाइलमध्ये घेतलीत आणि ज्यांत 'ळ' येतो ती वेगळी काढायचीत: तुळजापूर, कळंब, परळी, कळमनुरी, जळकोट. नावं देवनागरीतच ठेवायचीत. इंग्रजीत 'ल' आणि 'ळ' एकच होऊन बसतात, मग शोधायचं तरी काय?

इंग्रजी स्ट्रिंगवर (मजकुराच्या ओळीवर) स्ट्रचर, म्हणजे एक अक्षर शोधणारं फंक्शन, नीट चालतं. मिळालेल्या पॉइंटरमधून (मेमरीतल्या पत्त्यातून) स्ट्रिंगचा पॉइंटर वजा केला की जागा कळते. पण 'तुळजापूर'मध्ये 'ळ' शोधला की 8 येतं! लांबी मोजणारं स्ट्रलेन तर 24 सांगतं. त्या पॉइंटरपासून पुढचं छापलं तर आधी चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं, मग 'जापूर'. 'लातूर'ला नल, म्हणजे 'सापडलं नाही', येतं, ते बरोबर आहे. जीसीसी कंपायलर 'मल्टी-कॅरेक्टर कॅरेक्टर कॉन्स्टंट' अशी वॉर्निंग देतं. एकेक कॅर (एक बाइट) आकड्यात छापला तर 'ळ'च्या जागी -32, -92, -77 दिसतात. हे उणे आकडे कुठून आले? उबुंटू वापरतो. कुणी समजावून सांगेल का?

उत्तर

आकडे दिलेस ते फार बरं केलंस, कोडं त्यातच सुटतं. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं, आणि काना, उकार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'तुळजापूर'मध्ये अशी 8 चिन्हं, म्हणून 24. 'ळ'चे बाइट 224, 164, 179. तुझ्याकडे कॅर साइन्ड (उणे आकडेही धरणारा) आहे, त्यामुळे 127 च्या वरचा आकडा 256 ने कमी होऊन दिसतो. अनसाइन्ड कॅर करून छाप, खरे आकडे दिसतील.

आता 8 चं बघ. सिंगल कोटमधला 'ळ' म्हणजे जीसीसीने एका इंटमध्ये (पूर्णांकात) भरलेले तीन बाइट. स्ट्रचर त्या इंटचा कॅर करतं तेव्हा शेवटचा 179 तेवढा उरतो. म्हणजे शोध 'ळ'चा होतच नाही, 179 चा होतो. 'ळ' सुरू होतो 6 वर, त्याचा तिसरा बाइट 8 वर. तिथून छापलं की अर्धवट चिन्ह येणारच.

स्ट्रस्ट्र (अख्खा तुकडा शोधणारं फंक्शन) वापर आणि 'ळ' डबल कोटमध्ये दे. फाइल आणि प्रोग्राम दोन्ही यूटीएफ-8 मध्येच सेव्ह केलेले असू देत. चिन्हाचा पहिला बाइट आणि त्यानंतरचे बाइट यांच्या किमती यूटीएफ-8 मध्ये कधीच सारख्या नसतात, त्यामुळे शोध चिन्हाच्या मध्येच जुळण्याची भीती नाही.

प्रश्नकर्ता

दादा, 6 आलं! खूप आभार. पण 'ळ' कितवा, हेही छापायचंय. 6 ला 3 ने भागू का?

उत्तर

भागू नकोस. नावात स्पेस किंवा इंग्रजी अक्षर आलं की ते 1 बाइटचं असतं, 'शिरूर अनंतपाळ'लाच हिशेब चुकेल. त्याऐवजी सुरुवातीपासून त्या जागेपर्यंत लूप चालव. प्रत्येक बाइट 192 शी बिटवाइज अँड कर (दोन्हींत 1 असलेले बिटच उरतात). उत्तर 128 आलं तर तो चिन्हाच्या पहिल्यानंतरचा बाइट, सोडून दे. बाकीचे मोज. 'तुळजापूर'ला 2 येतील, म्हणजे 'ळ' तिसरं चिन्ह. वाचणाऱ्याला मात्र तो दुसरा दिसतो, कारण उकार आपण 'त'मध्येच धरतो. तसाच क्रमांक हवा असेल तर काना-मात्रा, अनुस्वार मोजायचे नाहीत. जोडाक्षरांचं तर आणखी वेगळं बघावं लागेल.

आधी स्ट्रस्ट्र सगळ्या यादीवर चालव. कळंब, कळमनुरी, जळकोट यांना 3 यायला पाहिजे, परळीला 6.