पहिल्या दोन बादल्यांना नालीचा वास, रिपोर्ट मात्र ‘पिण्यायोग्य’

वॉर्ड_तीन
वर्धा जिल्हा, तालुक्याच्या गावाला लागून असलेली ग्रामपंचायत. चारी बाजूंनी लेआउट पडले, घरं दुप्पट झाली, नाली तीच जुनी दीड फुटाची. टाकी 50,000 लिटरची. नळ दिवसाआड, पाऊण तास. पाऊस लागल्यापासून आमच्या वॉर्डात नळ आले की पहिल्या दोन-तीन बादल्या काळपट, वास मारणाऱ्या. दहा मिनिटांनी पाणी साफ. वॉर्ड एकमध्ये तक्रारच नाही. पंचायत म्हणते टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नेमानं टाकतो, आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढे करते: पिण्यायोग्य. नव्या घरांच्या सेप्टिक टाकीचे पाइप सरळ नालीत सोडलेले आहेत.
दोष नेमका कुठे आहे हे पंचायतीला पटेल असं कसं दाखवायचं? आणि टीसीएल वाढवून भागेल का?

पाना_पक्कड
भाऊ, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सुरुवातीला घाण आणि मग साफ, म्हणजे टाकी आणि विहीर ठीक. पूर्ण पाऊण तास गढूळ आलं असतं तर वर शोधावं लागलं असतं. इथं घाण पाइपातच बसून राहते, नळ सुटले की तीच आधी बाहेर पडते.

होतं असं: नळ बंद झाले की लाइनीतलं पाणी उताराकडे निघून जातं आणि मागे पोकळी राहते. नाली ओलांडणारा पाइप कुठे फुटका असला, सॅडल (मुख्य लाइनीवर घराची जोडणी घेणारी पकड) ढिली असली, तर ती पोकळी नालीतलं पाणी आत ओढते. खात्री करायची असेल तर नळ गेल्यावर लगेच वॉर्डातली उंचावरची तोटी उघडा. सुस्स करून हवा आत जाते, तळहात धरला तर चिकटतो. जशी ही हवा आत जाते तसंच नालीचं पाणीही जातं.

त्यात टिल्लू पंप (पाणी ओढायच्या छोट्या मोटरी) सरळ नळाला लावलेले असतील तर नळ चालू असतानाही दाब शून्याच्या खाली जातो. शेवटच्या घरांना मग पाऊण तास घाणच.

आता जागा शोधणं. नळ बंद असताना आणि नालीत पाणी असताना नालीच्या काठाकाठानं चाला. अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप नाली ओलांडतो तिथे नालीच्या पाण्याच्या रेषेजवळ सगळ्यात जास्त गंजतो. बोटानं चाचपलं तर तिथे पापुद्रा निघतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली दिसली की समजा गळती सापडली. ती पट्टी आतून बाहेर येणारं पाणी थोडंफार अडवते, बाहेरून आत जाणारं अडेल याची खात्री नाही.

ओटी_बाटली
रिपोर्टचं कोडं सोपं आहे. जिवाणू तपासणीचा नमुना घेताना नियम असा की तोटी पुसायची, ज्योतीनं तापवायची, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं आणि मग बाटली भरायची. टाकीचं पाणी तपासायला हे बरोबर आहे. तुमच्या दोषासाठी मात्र नेमकी घाणच वाहून जाते. आणि नमुना वॉर्ड एकमधून घेतला असेल तर बोलायलाच नको.

म्हणून आरोग्य सेवकाला दोन बाटल्या मागा. एक नळ आल्याबरोबर, दुसरी दहा मिनिटांनी, दोन्ही शेवटच्या घरातून. बाटलीवर वेळ आणि घर लिहून घ्या. प्रयोगशाळेची बाटली विसळू नका. तळाला सोडियम थायोसल्फेट असतं, क्लोरीन मारायला. ते धुतलं गेलं तर बाटलीतलं क्लोरीन रस्ताभर जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट चांगला येतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. 100 मिली पाण्यात ई-कोलाय एकही निघता कामा नये, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 हेच सांगतं.

रिपोर्ट येईपर्यंत ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. एकाच सकाळी टाकीजवळ, वॉर्ड एक, वॉर्ड तीनची सुरुवात आणि शेवट. मोकळं क्लोरीन (कशाला न चिकटलेलं, जंतू मारायला शिल्लक) नळाशी किमान 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.2 मिलिग्रॅम हवं. टाकीजवळ पिवळं आणि तुमच्याकडे पाण्यासारखं पांढरं दिसलं, तर ज्या दोन ठिकाणांच्या दरम्यान रंग गेला तिथेच खोदा.

एक बारकी गोष्ट: रंग थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत बघायचा. लगेच काही नाही आणि पाच मिनिटांनी पिवळं झालं, तर मोकळं क्लोरीन संपलेलं आहे, अमोनियाला चिकटलेलं तेवढं उरलंय. सांडपाणी शिरलं की हेच दिसतं. पण बरेच जण बाटली उन्हात धरून “आला ना जी रंग” म्हणतात आणि वहीत टिक मारतात. ओटी विषारी आहे, ती बाटली प्यायच्या भांड्याजवळ नको.

चुना_खाली_बसतो
टीसीएल वाढवून भागत नाही. नळ आल्याबरोबरचं पाणी टाकीतून आलेलंच नसतं, त्याला टाकीतलं क्लोरीन भेटणार कुठून?

तरी हिशेब तपासा. 1000 लिटरला 5 ग्रॅम धरलं तर 50,000 लिटरला 250 ग्रॅम. पावडर ताजी, 33 टक्क्यांची असेल तर साधारण 1.6 पीपीएम मात्रा बसते. तेच पोतं तोंड उघडं ठेवून मे महिना पंचायतीच्या टिनाच्या खोलीत काढलं आणि 15 टक्क्यांवर आलं, की मात्रा निम्म्याहून खाली. पावडर 20 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर वापरू नका.

टाकायची पद्धतही विचारा. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा, मग बादली भरून ढवळायची, अर्धा तास चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकी भरत असतानाच सोडायचं. चुना फेकायचा. टाकी भरल्यावर वरून पावडर भिरकावली तर गाठी तळाला बसतात. टाकल्यापासून नळ सोडेपर्यंत निदान अर्धा तास, तास मिळाला तर उत्तम.

पाना_पक्कड
दुरुस्तीचं राहिलं. मुख्य लाइन नालीपासून आडवी 3 मीटर दूर आणि ओलांडते तिथे नालीच्या अर्धा मीटर वरून, हा पुस्तकी नियम. जुन्या गल्लीत 3 मीटर रस्ताच नसतो, म्हणून निदान घराच्या जोडण्या तरी सुधारा. नाली ओलांडताना जीआय काढून 20 मिमी एमडीपीईचा (लवचिक प्लास्टिक पाइपाचा) अखंड तुकडा, मध्ये एकही जॉइंट नाही, आणि तो दोन इंची पीव्हीसीच्या बाहीतून. बाही दोन्ही काठांना फूटभर पुढे. पाइप नालीच्या पोटातून नेऊ नका, वरच्या फरशीखाली घ्या. पोटात ठेवला की पन्नी अडकते, नाली तुंबते आणि पाइप परत बुडतो.

कन्हार (काळी चिकण) जमीन असेल तर पीव्हीसी लाइनीखाली आणि बाजूनं चार-सहा इंच वाळू किंवा बारीक मुरूम द्याच. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, सोल्यूशननं चिकटवलेले जॉइंट ओढले जातात. दरवर्षी पहिल्या पावसात तीच जागा फुटते त्याचं कारण हे.

दुरुस्तीनंतर लाइन धुवा. 90 मिमी पाइपात 100 मीटरला साधारण 550 लिटर पाणी मावतं. 50 पीपीएमसाठी 33 टक्क्यांची पावडर सुमारे 85 ग्रॅम. रात्रभर कोंडून ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत सोडून द्या. वॉर्डात आधी दवंडी द्या, ते पाणी कोणी भरू नये.

वॉर्ड_तीन
धन्यवाद. सेप्टिकच्या पाइपांचं काय करायचं? शोषखड्डा करा म्हटलं की लेआउटवाले म्हणतात, इथं पाणी मुरत नाही.

मुरूम_लागेपर्यंत
अर्धं खरं आहे त्यांचं. हातभर खोल खड्डा घ्या, तळाला भिजू द्या, मग पाणी भरून मोजा. एक इंच उतरायला तासाहून जास्त लागला तर त्या थरात शोषखड्डा चालत नाही. पण आपल्याकडे कन्हारीखाली बऱ्याच ठिकाणी मुरूम असतो, तिथपर्यंत गेलं की मुरतं. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर मात्र हा उद्योग नको.

नांदेड पॅटर्नचा 4 बाय 4 फुटाचा शोषखड्डा न्हाणी आणि भांड्यांच्या पाण्यासाठी आहे, रोजगार हमीतून होतो. संडासाचं पाणी त्यात सोडू नका, तो वेगळा. आणि सेप्टिक टाकी वर्षानुवर्षं उपसलीच नाही तर गाळ बाहेर येऊन कुठलाही शोषखड्डा वर्षभरात चोक होतो.

ग्रामसभेत दोन्ही बाटल्यांचे रिपोर्ट, ओटीचा तक्ता आणि पट्ट्या गुंडाळलेल्या पाइपांची घरनिहाय यादी ठेवा. “पाणी खराब येते” एवढंच ठरावात लिहिलं तर उत्तर येईल टीसीएल वाढवला. “अमुक 14 जोडण्या बदलणे” असं लिहा, अंदाजपत्रकासकट. वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांसाठीच खर्चायच्या) निधीत पिण्याचं पाणी आणि स्वच्छता दोन्ही बसतात.

चुना_खाली_बसतो
तोवर घरात: पहिली दहा मिनिटं पाणी अंगण-संडासाला. नंतरचंही उकळूनच, खळखळ उकळी येईपर्यंत. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आणि टिल्लू आधी काढायला लावा, त्याला निधी लागत नाही.