पालकाच्या भाजीची जागा संत्र्याचा रस घेऊ शकतो का?

प्रश्न
माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि ताटात पालेभाजी दिसली की ती जेवायलाच बसत नाही. म्हणून गेले काही महिने आम्ही तिला रोज सकाळी पेलाभर संत्र्याचा ताजा रस देतो, तोही साखर न घालता. जीवनसत्त्वे पोटात गेल्याशी कारण, असे माझे म्हणणे. रस म्हणजे भाजी नव्हे, असे सासूबाईंचे. या दोहोंच्या पोषणमूल्यांची तुलना कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
माझे मत सासूबाईंच्या बाजूने आहे. उकडून निथळलेल्या १०० ग्रॅम पालकात साधारण २३ कॅलरी, अडीच ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ, साडेतीन मिलिग्रॅम लोह आणि १४५ मायक्रोग्रॅम फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) असते. तेवढ्याच संत्र्याच्या रसात कॅलरी ४५, तंतू आणि लोह अगदी नाममात्र, तर फोलेट सुमारे ३० मायक्रोग्रॅम. रस निर्विवादपणे पुढे आहे तो क जीवनसत्त्वात: रसात सुमारे ५० मिलिग्रॅम, शिजलेल्या पालकात जेमतेम १०.
मात्र २०० मिलिलिटर रसातून १६-१७ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे साखर जाते. ती आपण वरून घातलेली नसली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच हिशेबात धरली जाते आणि अशी एकूण साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी लागते. १,७०० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे ४२ ग्रॅम होते. बिस्किटांतली आणि दुधात घातलेली साखर अजून मोजायचीच आहे.

प्रतिसाद २
आकडे बरोबर आहेत, पण पानातले सगळे अंगी लागत नाही. पालकातल्या लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, आणि त्यातले कॅल्शियम तर ऑक्सलेट या पालकातल्याच घटकामुळे बहुतांशी अडकूनच राहते. त्यामुळे कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नये. लोहाचे शोषण वाढवते ते क जीवनसत्त्वच, तेव्हा या दोघांत सामना लावण्यापेक्षा दोन्ही एकाच जेवणात असलेले बरे. भाजी गॅसवरून उतरवल्यावर लिंबू पिळले तरी काम भागते. पालकातले बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) शिजवल्याने आणि फोडणीच्या तेलामुळे अधिक चांगले मिळते, हे भाजीच्या पारड्यात आणखी एक माप.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
आमच्याकडे पालक आधी उकडून त्याचे पाणी टाकून देतात. त्यात बरेच वाया जाते का?

प्रतिसाद ३
क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळत असल्याने त्यांचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. लोह आणि कॅरोटीन मात्र बहुतांशी पानातच राहतात. ऑक्सलेटही काही प्रमाणात निघून जाते, त्यामुळे घरात कोणाला मूतखड्याचा त्रास असेल तर तुमची पद्धतच योग्य. एरवी डाळपालक करावा, म्हणजे पाणी पातेल्यातच राहते. आमच्या चिरंजीवांनी पालक स्वीकारला तो केवळ लसणीच्या चरचरीत फोडणीमुळे, पोषणावरच्या व्याख्यानांमुळे नव्हे! संत्रे बंद करण्याचे काहीच कारण नाही. फक्त ते सोलून फोडींच्या रूपाने द्यावे, कारण रस गाळताना आपण जो चोथा फेकतो, तंतू त्यातच असतात.