पीटर गॅरेटचं मंत्रिपद आणि त्याची गाणी

एकांनी लिहिलंय की 'मिडनाइट ऑइल' या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा गायक पीटर गॅरेट तिथल्या सरकारात मंत्री झाला आणि आपल्या गाण्यांमधली तत्त्वंच त्याने विकून टाकली. मला हे पटत नाही. १९८६ मध्ये हा बँड 'वारुम्पी बँड'सोबत ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांमधून फिरला. तिथे जे पाहिलं ते पुढे 'बेड्स आर बर्निंग' या, आदिवासींची जमीन त्यांना परत द्या म्हणणाऱ्या गाण्यात उतरलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपाला पंतप्रधान जॉन हॉवर्ड हजर होते. आदिवासींची मुलं पूर्वी सरकारने हिरावून नेली, त्याबद्दल सरकारी माफी मागायला नकार देणारे तेच. त्यांच्यासमोर हा अख्खा बँड काळ्या कपड्यांवर 'सॉरी' लिहून हेच गाणं गायला. ते दृश्य आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

२००९ मध्ये पर्यावरणमंत्री असताना गॅरेटने युरेनियमच्या नव्या खाणीला मंजुरी दिली, हे खरंय. १९८४ मध्ये अण्वस्त्रविरोधी पक्षाकडून सिनेटची निवडणूक लढवलेला हा माणूस, त्यामुळे ते मलाही लागलं. पण जपानच्या देवमाशांच्या शिकारीविरुद्ध ऑस्ट्रेलियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला तो २०१० मध्ये, गॅरेट मंत्रिमंडळात असतानाच. २०१४ मध्ये निकालही ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लागला. हिशेब मांडायचाच तर हेही त्यात धरा.