रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना तुळशीचा काढा

प्रश्न
माझ्या सासऱ्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असून त्यांना रोज अ‍ॅसेनोकुमारॉलची गोळी घ्यावी लागते. करोनाच्या काळापासून ते रोज सकाळी वृंदावनातील मूठभर तुळशीची पाने, सुंठ, मिरी आणि दालचिनी उकळून काढा घेतात. अलीकडे दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते आणि हातावर काळेनिळे डाग दिसतात, परंतु आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी) मात्र नेहमीच्याच मर्यादेत आला आहे. ‘तुळस कधी कुणाला बाधली आहे का?’ असे त्यांचे म्हणणे आहे. या दोन्हींचा संबंध असू शकतो का?

प्रतिसाद १ (औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक)
ताई, संबंध असू शकतो आणि आयएनआर ठीक आल्याने ही शंका फिटत नाही. ही गोळी ‘क’ नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्वाच्या मार्गात अडथळा आणून रक्त गोठवणारे घटक कमी करते आणि आयएनआर त्याच घटकांचे मोजमाप करतो. तुळशीतील युजेनॉल हे द्रव्य प्रयोगशाळेतील चाचण्यांत प्लेटलेट (रक्त थांबवायला मदत करणाऱ्या रक्तातील सूक्ष्म पेशी) एकमेकींना चिकटण्यास विरोध करताना आढळले आहे. ही क्रिया वेगळी असल्यामुळे ती आयएनआरमध्ये दिसणार नाही. माणसांवरील पुरावा अद्याप तोकडा आहे, तरीही लक्षणे समोर असताना काढा थांबवणेच योग्य. गोळी मात्र मनाने बंद करू नका, कारण झडपेवर गुठळी होण्याचा धोका फार मोठा आहे. आजच डॉक्टरांना दाखवा, आणि शौचास काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रतिसाद २ (वैद्य)
आयुर्वेदानेही तुळस सर्वांना सदासर्वकाळ चालते असे म्हटलेले नाही. ती कफवातनाशक, परंतु उष्ण आणि पित्त वाढवणारी सांगितली आहे, त्यामुळे रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या माणसाला सुंठ-मिरीच्या जोडीने ती रोज द्यावी असे मला वाटत नाही. आयुष मंत्रालयाने 2020 मध्ये सुचवलेल्या काढ्यात तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरी 1 असे प्रमाण असून, त्याची 3 ग्रॅम भरड 150 मिलिलिटर पाण्यासाठी आहे. मूठभर पानांचा अंदाज या मापात बसत नाही. नैवेद्यावरचे किंवा तीर्थातले एखादे पान मात्र कुणी सोडण्याचे कारण नाही. आजोबांना हे आवर्जून सांगा, म्हणजे त्यांच्या श्रद्धेला धक्का लागणार नाही.

प्रतिसाद ३
यात थोडी भर घालतो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तुळशीचा अर्क किंवा कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण साखर आणखी उतरू शकते. गर्भवतींनी आणि मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्यांनी औषधी मात्रा टाळावी. प्राण्यांवरील अभ्यासांत प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला आहे. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर काढ्याचीही माहिती द्यावी. साधारणपणे दोन आठवडे आधी तो बंद करायला सांगतात.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. काढा आजपासून बंद केला असून सायंकाळी डॉक्टरांकडे जाणार आहोत. पुढे सर्दी झाल्यास त्यांना काय द्यावे?

प्रतिसाद २ (वैद्य)
साध्या पाण्याची वाफ आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. अंगदुखीसाठी मात्र आयबुप्रोफेनसारखी गोळी घरच्या घरी देऊ नका, तिनेही रक्तस्राव वाढतो.