साखर वाढल्याची लक्षणं आहेत. तपासणी उपास-प्रार्थनेनंतर केली तर चालेल का?

शब्दसेवक:
सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मंडळीतल्या एका बहिणीसाठी, तिला विचारूनच, लिहीत आहे. वय ४४. दीड महिना झाला, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं, तहान भागत नाही, लघवीच्या जागेची खाज औषधाने जाते आणि पुन्हा येते. आईला मधुमेह होता. उपाशीपोटीची साखर ११८ आली. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्यात. तिचं म्हणणं, आधी २१ दिवस उपास-प्रार्थना करते, मग बघू. आत्ताच लॅबमध्ये धावणं म्हणजे अविश्वास. ११८ म्हणजे नेमकं काय? आणि तिला वचनातून काय सांगावं?

मोहरीचा_दाणा:
थांबू नका, तपासणी उपासाच्या आधीच करा. सलग उपास केले की उपाशीपोटीची साखर खाली येते. ११८ ची ९६ झाली तर ती बरी झाल्यासारखं वाटेल, पण तो कमी खाण्याचा परिणाम असू शकतो. ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीत नेमकं उलट होतं: आधीचे दिवस कमी खाल्लं असेल तर आकडा उगाच वर जातो. म्हणूनच त्या चाचणीआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायला सांगतात. म्हणजे २१ दिवस संपल्या संपल्या केलेल्या दोन्ही चाचण्या फसवतील, एक इकडे आणि एक तिकडे.

आता ११८. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ मधुमेहाच्या आधीची पायरी, १२६ पासून पुढे मधुमेह. पण मला खटकतंय ते वेगळंच. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढते, म्हणून लघवी वाढते आणि म्हणून तहान लागते. ११८ ला हे घडत नाही. तेव्हा एक तर जेवणानंतर तिची साखर १८० ओलांडत असेल, नाहीतर लघवीचं कारण दुसरं असेल, मूत्रमार्गाचा संसर्ग वगैरे. परत परत येणारी खाज मला पहिल्या शक्यतेकडे नेते, कारण साखर वाढली की त्या जागी बुरशी फोफावते.

म्हणून तीन गोष्टी करा: लघवीची तपासणी, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. या शेवटच्या चाचणीसाठी रात्रभर, निदान ८ तास पोट रिकामं हवं. साधं पाणी चालतं. ग्लुकोजचं पाणी ५ मिनिटांत संपवायचं, पहिल्या घोटापासून २ तास मोजायचे आणि तेवढा वेळ बसून राहायचं. मधे फेऱ्या मारल्या की आकडा बदलतो. २ तासांनी १४० ते १९९ आली तर आधीची पायरी, २०० किंवा जास्त आली तर मधुमेह.

पाळक_एक:
'अविश्वास' या शब्दाबद्दल लिहितो. २ राजे २० मध्ये मरणाला टेकलेला हिज्कीया राजा रडून प्रार्थना करतो, देव ती ऐकतो, १५ वर्षांचं आयुष्य देतो. आणि तरीही यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगतो. वचन आधीच मिळालं होतं, तरी कोणी पोटीस नाकारलं नाही.

तिच्यासोबत लूक १७ वाचा. दहा कुष्ठरोग्यांना प्रभू सांगतो, जा, स्वतःला याजकांना दाखवा. लेवीय १३ आणि १४ प्रमाणे त्वचा तपासून शुद्ध की अशुद्ध ठरवणं हे याजकाचंच काम होतं. म्हणजे प्रभूने त्यांना तपासणीलाच पाठवलं, आणि ते जाता जाता शुद्ध झाले. ज्याला बरं केल्याची साक्ष द्यायची आहे त्याच्या हातात आधीचा रिपोर्ट असलेला बराच.

एक मात्र सांभाळा. 'अविश्वास' म्हणताना आत पुष्कळदा भीती असते: आजार निघाला तर लोक माझ्या विश्वासात खोट काढतील. योहान ९:३ तिला शांतपणे वाचून दाखवा (जन्मांध माणसाचं आंधळेपण त्याच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नाही, असं प्रभू तिथे म्हणतो), वाद घालू नका. तपासणीच्या सकाळी सोबत जा. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं असणारच आहे, ती रात्र प्रार्थनेला द्या.

शब्दसेवक:
ती तयार झाली, आभार. तिचं हिमोग्लोबिन ९.४ आहे. त्याने काही फरक पडतो का? आणि नंतर उपास केला तर?

मोहरीचा_दाणा:
पडतो, आणि हे लॅबला व डॉक्टरांना आधीच सांगा. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं. तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटं कमी. ५.७ ते ६.४ ही आधीची पायरी आणि ६.५ पासून मधुमेह हे खरं, पण तिच्या बाबतीत ग्लुकोजच्या चाचणीवर जास्त भर द्यावा.

उपास करायचा तर ९.४ हिमोग्लोबिन हेच थांबून डॉक्टरांना विचारायला पुरेसं कारण आहे. औषध सुरू झालं तर ते कोणतं, यावर बरंच ठरतं. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, इन्सुलिन यांनी जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेऊन लांब उपास केला तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. थरथर, घाम, धडधड झाली की लगेच साखर मोजायची. ७० च्या खाली असेल तर उपास तिथेच सोडून १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि १५ मिनिटांनी परत मोजायचं. ३०० च्या वर गेली तरीही उपास सोडायचा.

समारितान:
कॅथलिक वाचकांसाठी: कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास पाणी किंवा औषधाने मोडत नाही, आणि आजाऱ्यांना तर तो लागूच नाही.

पाळक_एक:
मंडळीत सेवा करणाऱ्यांना विनंती. प्रार्थना झाली म्हणून कोणालाही इन्सुलिन बंद करायला सांगू नका. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा मधुमेहात, एक-दोन दिवसांतच जीवावर बेतू शकतं. मूल अचानक बारीक होत असेल, सारखं पाणी मागत असेल, पुन्हा अंथरूण ओलं करत असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास किंवा तोंडाला कुजलेल्या फळासारखा वास असेल तर सरळ इस्पितळ गाठा आणि प्रार्थना गाडीत करा.