महेश कोठारे यांच्या चित्रपटांतले भय आणि विनोद

तळघर :
महेश कोठारे यांचे चित्रपट सध्या क्रमाने पाहत आहे. ‘धूमधडाका’ (१९८५) हा निखळ विनोदी चित्रपट. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये मात्र खून, मंत्र आणि खुनशी बाहुला यांच्या शेजारी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा विनोद सुखाने नांदतो. कोठारे भयाकडे अचानक वळले, की आधीच्या चित्रपटांत त्याची तयारी दिसते? ‘पछाडलेला’ (२००४) पाहताना हसू भरपूर आले, पण भीती फारशी वाटली नाही. इतरांचाही हाच अनुभव आहे का?

रात्रपाळी :
तयारी दिसते, आणि ती ‘दे दणादण’ (१९८७) मध्ये. तिथे मारुतीच्या कृपेने लक्ष्याच्या (बेर्डे यांच्या पात्राच्या) अंगी अचाट बळ येते, पण लाल रंग दृष्टीस पडला की ते ओसरते. चमत्काराला एक अट घालायची आणि त्या अटीतूनच फजिती उभी करायची, ही कोठाऱ्यांची रीत ‘झपाटलेला’मध्ये भयाच्या कामी आली. मरता मरता मृत्युंजय मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचू या गुन्हेगाराला पुन्हा मनुष्यदेह हवा असेल, तर ज्याला त्याने आपले गुपित प्रथम सांगितले त्याच्याच देहात शिरावे लागते, आणि तो माणूस नेमका लक्ष्या निघतो. त्यातच लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद. त्यामुळे बाहुला जिवंत आहे असे तो जीव तोडून सांगू लागला, की ऐकणाऱ्यांना त्याच्याच डोक्याची शंका येते. आपण त्या केविलवाण्या धडपडीला हसतो, पण तो खरे बोलतो आहे हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे हसताना धाकधूकही सुटत नाही. इन्स्पेक्टर महेश जाधव झालेले कोठारे स्वतः तर शेवटपर्यंत गंभीरच राहतात, आणि माझ्या मते ही दिग्दर्शकाची सर्वांत शहाणी निवड आहे.

जुनी तिकिटे :
विवेचन पटले, पण बाहुल्यात शिरणाऱ्या गुन्हेगाराची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटातली आहे, हेही नोंदवायला हवे. ती मराठीत रुजली याचे निम्मे श्रेय मी तरी बोलक्या बाहुल्यांचे कलावंत रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला आणि दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजाला देईन. ‘ओम फट् स्वाहा’ हे तात्याच्या मंत्रातले शब्द पोरांनी गल्लोगल्ली घोकले ते त्या आवाजामुळेच.

उंबरठा :
‘पछाडलेला’बद्दल आपले निरीक्षण योग्य वाटते. तिथे इनामदार भुसनळे, त्यांचा मुलगा आणि मुनीम ही भुतेच मुळात विनोदी पात्रे आहेत. भारत जाधव, श्रेयस तळपदे यांच्या अंगात ती शिरल्यावर सारी गंमत चालण्या-बोलण्यातल्या बदलात आहे, आणि ती फर्मास आहे; मात्र भूतच हसवू लागल्यावर घाबरायचे कोणाला? ‘झपाटलेला २’ (२०१३) मध्ये तात्या विंचू त्रिमितीत परतला, बाहुला पुन्हा पाध्ये यांचाच होता आणि लक्ष्याच्या मुलाची भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. बेर्डे २००४ मध्येच गेले होते. तंत्र पुढे गेले खरे, पण बाहुल्यासमोर घामाघूम होऊन हसवणारा तो चेहरा त्यात नाही.