दर अर्ध्या तासाला खुर्चीतून उठायचं: फायद्याचं की एचआरचं खूळ?

खुर्चीग्रस्त:
आमच्या ऑफिसात नवीन सुरू झालंय, दर अर्ध्या तासाला स्क्रीनवर पॉपअप येतो, 'उठा, दोन पावलं चाला'. निम्मी जनता वैतागलीय, कॉल चालू असताना मध्येच येतो म्हणून. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं. कोलंबिया विद्यापीठाच्या कीथ डियाझ यांच्या टीमने २०२३ मध्ये एक प्रयोग छापला, लोकांना आठ तास खुर्चीत बसवलं, आणि वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या अंतराने उठवून ट्रेडमिलवर रमतगमत चालवलं. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चाललं त्या दिवशी जेवणानंतर साखर जी उसळी मारते ती जवळपास ५८ टक्क्यांनी कमी झाली. घाम नाही, जिमची फी नाही, काही नाही. आता यात नाही म्हणण्यासारखं काय आहे सांगा.

टेकडीप्रेमी:
नाही म्हणण्यासारखं हे आहे की त्या प्रयोगात माणसं होती फक्त अकरा. अकरा! आमच्या सोसायटीच्या कमिटीत यापेक्षा जास्त लोक असतात (आणि तेही कधी एकमताने बोलत नाहीत). मोठा पुरावा हवा असेल तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २०१६ चा एकेलुंड यांचा अभ्यास बघा, दहा लाखांवर लोकांचा डेटा, आणि निष्कर्ष काय तर रोज ६० ते ७५ मिनिटं बऱ्यापैकी दमवणारी हालचाल केली तर आठ तास बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ पुसला जातो. म्हणजे सकाळी वेताळ टेकडी चढून या आणि मग निवांत बसा. अर्ध्या तासाला उठणं ही व्यायाम टाळणाऱ्यांनी शोधलेली पळवाट आहे, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

रश्मी_ठाणे:
राग नाही दादा, हसू आलं. ६० ते ७५ मिनिटं, रोज! तुमचा डबा कोण भरतं हो? सकाळी दोन डबे, मुलाची रिक्षा, मग स्लो लोकल मिळाली तर मिळाली, संध्याकाळी परत तेच, त्यात टेकडी कुठे बसवू? २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलं होतं की भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी होत नाही, बायकांमध्ये तर ५७ टक्के. आता या सगळ्या आळशी आहेत का? सिडनीच्या स्टॅमाटाकिस यांनी २०२२ मध्ये व्यायाम न करणाऱ्या पंचवीस हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्राचा डेटा तपासला, दिवसातून तीन-चार वेळा एखाद-दोन मिनिटं जोरात हालचाल, म्हणजे धावत जिना चढणं वगैरे, करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. स्टेशनचा पूल मी रोज असाच चढते, खाली गाडी लागलेली असते म्हणून.

टेकडीप्रेमी:
ताई पण तो निरीक्षणाचा अभ्यास आहे. जो धावत जिना चढू शकतो तो मुळातच ठणठणीत असेल ना?

डबलडेकर:
अगदी हाच वाद सत्तर वर्षांपूर्वी झालाय मंडळी. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत जिन्यावरून वर-खाली. हृदयविकार कंडक्टरना कमी, आणि झाला तरी उशिरा. मग शंका आली टेकडीप्रेमींसारखीच, की जाडी माणसं आधीपासूनच ड्रायव्हर होत असतील, तर गड्याने गणवेशाच्या नोंदी काढून पॅन्टच्या कंबरेची मापं तपासली! आणि खरंच, ड्रायव्हर तरुणपणीच कंबरेला जास्त निघाले. पण बारीक ड्रायव्हर घेतले तरी हृदयविकार कंडक्टरनाच कमी, असं दिसलं, म्हणून विषय संपला नाही. मला यात आवडतं ते हे की त्या कंडक्टरला कोणी पॉपअप पाठवत नव्हतं, कामच तसं होतं. (आपल्या बेस्टच्या डबलडेकरला वर एक, खाली एक असे दोन कंडक्टर असायचे, त्यामुळे आपल्याकडे हा प्रयोग फसला असता.)

काउंटरच्या_मागे:
सगळं वाचलं. मी साड्यांच्या दुकानात आहे, सकाळी शटर उघडल्यापासून रात्रीपर्यंत उभी, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, मालक सीसीटीव्हीवर बघतो. आमच्या पायाच्या शिरा फुगल्यात आणि तुम्ही बसण्याचे तोटे सांगताय. केरळने २०१८ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला मिळालं पाहिजे असा कायदाच केला, त्यासाठी तिथल्या बायकांना आंदोलन करावं लागलं, मग २०२१ मध्ये तमिळनाडूने केला. डेन्मार्कमध्ये लाखभर लोकांचा अभ्यास झालाय, मोकळ्या वेळेतली हालचाल हृदयाला चांगली पण कामावरच्या राबण्याने धोका उलट वाढलेला दिसला. तेव्हा 'हालचाल चांगली' असं सरसकट बोलू नका, कोणाची, कोणाच्या मर्जीने, तेही बोला.

रश्मी_ठाणे:
+१. आणि ते उभं राहायचं टेबल घेणाऱ्यांनी पण वाचा हे, हजारो रुपये घालतात.

खुर्चीग्रस्त:
काउंटरताई, पटलं, मी खुर्चीवाल्यांपुरतंच बोलत होतो. टेबलाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये महापालिकांच्या कर्मचाऱ्यांवर मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली. नुसती आठवण, गटचर्चा वगैरे करून बसणं दिवसाला २२ मिनिटं कमी झालं, सोबत उंची बदलणारं टेबल दिलं तर ६४ मिनिटं.

टेकडीप्रेमी:
आणि वजन, साखर? त्यात दखल घेण्यासारखा फरक पडला नाही, ते पण सांगा की राव.

खुर्चीग्रस्त:
सांगतो ना, नाही पडला. उठून नुसतं उभं राहिलं तर काय होणार, चालायला हवं. म्हणून मला पॉपअपपेक्षा पॅन्ट्री महत्त्वाची वाटते. आपल्याकडे चहा डेस्कवर येतो, पाण्याची बाटली भरून येते, प्रिंटआउट कोणीतरी आणून देतो, साहेबाला सही करायलासुद्धा उठावं लागत नाही. पूर्ण मजल्याची पावलं एकटा ऑफिसबॉय चालतो. डेस्कवरचा चहा बंद करा, लोक आपोआप उठतील.

टेकडीप्रेमी:
चहावर हात घालणार असाल तर मी पॉपअपच्या बाजूने मत देतो.

काउंटरच्या_मागे:
चहा बंद केला तर त्या पोराची नोकरी जाईल, ती ठेवा. त्याला एक खुर्ची द्या, आणि दुपारी अर्धा तास तुमचा तुम्ही घ्या चहा. यासाठी अभ्यास नको, एचआरला मेल टाका.